आतोबांची हरकत

आमच्या आतोबांइतका जलप्रलय जवळून पाहिलेला माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि आता होणारही नाही. पाणी आधी कोणत्या बाजूने चढलं, नोहाच्या तारवाला खालच्या अंगाला कोणतं लाकूड होतं, हत्ती आत शिरताना मान वाकवावी लागली का, हे सगळं ते असं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ त्या वेळी तिथे रंधा घेऊन उभे होते. आता सोलापूर हे काय पुराचं गाव आहे? आमच्याकडे आभाळ भरून येतं, गरजतं आणि नळदुर्गाकडे निघून जातं. उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. अशा गावात राहून, कपाळाचा घाम पुसत पुसत, ज्या माणसाने उभा जन्म डोंगर बुडवणाऱ्या पाण्याची चिंता वाहिली, त्याला लोक वेडा म्हणाले असते. पण आतोबांना कुणी वेडा म्हणत नसे, कारण त्यांच्या हातचं दार पावसाळ्यातही फुगत नसे. पाऊस कमी, हे एक कारण झालंच. पण सुतार म्हणून ते खरोखरच मोठे होते.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मिशनच्या कारखान्यात ते मुलांना सुतारकाम शिकवत. माझे आईवडील साथीच्या तापात एकापाठोपाठ गेले तेव्हा आत्या मला घेऊन आली, आणि त्यांना स्वतःचं मूलबाळ नसल्यामुळे मी त्या घरची एकुलती एक मुलगी झाले. शाळेत मी थोडेच दिवस गेले. वाचायला शिकले ती आतोबांच्या मांडीवर बसून, शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, पहिल्या काही पानांवर. त्यामुळे मला ‘आई’ हा शब्द लिहिता येण्याआधी ‘तारू’ लिहिता येत होतं.

जलप्रलयातून माणसं-जनावरं वाचावीत म्हणून नोहाने देवाच्या सांगण्यावरून जे तारू, म्हणजे जहाज, बांधलं, त्याचं माप शास्त्रात हातांत दिलेलं आहे. इतके हात लांब, इतके हात रुंद. बाकीच्या ख्रिस्ती जगाने ते वाचलं आणि पान उलटलं. आतोबा तिथेच थांबले. कुणाचा हात? आतोबांचा स्वतःचा हात आखूड होता, आणि नोहा आपल्यासारखा बुटका असेल हे त्यांना पटेना. म्हणून उंच माणूस दिसला की ते त्याला रस्त्यात अडवत आणि म्हणत, “जरा हात दाखवता का?” माणसं निमूट तळहात पुढे करत. त्यांना वाटे, ज्योतिषी आहे. आतोबा कोपरापासून बोटापर्यंत पट्टी लावत, मान डोलवत आणि चालू लागत. एकदा साखरपेठेतली एक विणकर बाई त्यांच्या मागे मागे आमच्या दारापर्यंत आली आणि तेलुगू मिसळलेल्या मराठीत विचारू लागली, “म्हातारबा, माझ्या नवऱ्याचा हात बघून तुम्ही ‘उत्तम’ म्हणालात. उत्तम म्हणजे काय? मुलगा की नोकरी?” आतोबा म्हणाले, “बाई, उत्तम म्हणजे लांबी.” ती बिचारी काय समजली देव जाणे, पण पुढे तिला मुलगा झाला तेव्हा तिने आमच्याकडे पेढे पाठवले.

दुसरी खोड देवळातली, म्हणजे आमच्या चर्चमधली. आमच्या उपासनेत पाळकसाहेब संदेश देताना मधूनमधून प्रश्न विचारत. सगळेच पाळक विचारतात. त्याचं उत्तर ते स्वतःच देणार असतात, हे लहान मुलांनाही कळतं. आतोबांना कळत नसे. पाळकसाहेबांनी आवाज चढवून विचारावं, “आणि प्रियजनहो, प्रभूला धरून नेलं त्या वेळी पेत्र कुठे होता?” आणि पुरुषांच्या बाजूने तिसऱ्या बाकावरून खणखणीत उत्तर यावं, “बाहेर! शेगडीपाशी!” एकदा पाळकसाहेब फार भारावून म्हणाले, “आपण प्रभूसाठी काय केलं?” तर आतोबा उभे राहिले आणि त्यांनी केलेली बाकं, खिडक्या, व्यासपीठ आणि जिन्याचा कठडा, सगळं सांगून ते खाली बसले. आत्या घरी येऊन म्हणाली, “अहो, ते तुम्हाला विचारत नव्हते.” आतोबा म्हणाले, “मग कुणाला? मी तिथंच बसलो होतो. देवाच्या घरात कुणी विचारलं आणि आपल्याला माहीत असून आपण गप्प बसलो, तर ते खोटं बोलणंच झालं.” हे त्यांचं वाक्य लक्षात ठेवा. त्याच वाक्यापायी माझं लग्न मोडायला आलं होतं.

पण ते नंतर. आधी सांगोल्याच्या धनगराचं सांगते. तारवात जनावरं कशी मावली, हा आतोबांचा दुसरा ध्यास. बाजाराच्या दिवशी सांगोल्याकडून मेंढरं घेऊन एक धनगर येई. आतोबा त्याच्याजवळ उकिडवे बसत. मीही भाजीची पिशवी घेऊन उभी असे.

“मला सांगा पाटील, एका खणात मेंढरं किती मावतात?”

“उभी का बसल्याली?”

आतोबा खूश. असा नेमका माणूस त्यांना मिशनमध्ये भेटला नव्हता. “बसलेली. वर्षभर बसायचंय त्यांना.”

“वर्सभर? आन चारा?”

“चाराही त्याच घरात.”

“आन लेंड्या कुटं टाकायच्या?”

शास्त्रात त्याचा उल्लेख नाही. धनगराने मग विचारलं, आणखी काय काय हाय त्या घरात? आतोबांनी सांगितलं: घोडे, उंट, कोल्हे, लांडगे. धनगर उठून उभा राहिला आणि त्याने धोतर झटकलं. “लांडगा बी? माज्या मेंढरांसंगं? न्हाय बा. त्यापरीस आमी बुडतो.”

त्या दिवशी आतोबा घरी येऊन नीट जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नमुन्याच्या तारवात एक आडवी भिंत घातली. हो, नमुन्याचं तारू होतं. सागवानी, पडवीत, आत्याच्या उखळाशेजारी. आत्या त्यात लसूण ठेवी.

अशा सुखात चाललेल्या घरात मास्तर आले. मास्तर नगरकडचे. पुण्याला कॉलेजात शिकून ते आमच्या मिशनच्या शाळेत सृष्टिविज्ञान शिकवायला आले होते. सडसडीत, चष्मा, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता छताकडे बघायची सवय. ते उपासनेला येत, पेटी वाजवत, प्रार्थना मनापासून करत. पण त्यांचं म्हणणं असं की देवाने जीव एका आठवड्यात घडवून मोकळे सोडले नाहीत. एका जातीतून दुसरी जात निपजत गेली, फार हळूहळू. आणि जलप्रलय झाला असेल, पण त्या मुलखापुरता. सगळ्या पृथ्वीवर नव्हे.

हे त्यांनी आमच्याच पडवीत, आमचाच चहा पिताना सांगितलं. आतोबांनी हातातली बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता मास्तरांना हाकलतील. आतोबा म्हणाले, “उद्या या.”

आणि मास्तर दुसऱ्या दिवशी आले. तिसऱ्या दिवशीही. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की आतोबा दाराकडे बघायला लागत. आतोबा वाद सुरू करत तो छापील भाषेत: “मास्तर, आपले म्हणणे शास्त्रास धरून नाही.” अडचणीत आले की ते वेळापूरकडच्या आपल्या गावच्या बोलीत उतरत: “तसं न्हाय वं ते!” त्यामुळे मला आत भाकऱ्या थापताना नुसत्या बोलीवरून कळे, आज कोण वर आहे.

एकदा आतोबांनी विहिरीच्या खणकामातून निघालेले दगडात रुतलेले शंख आणले आणि मास्तरांपुढे ठेवले. “हे बघा. इथं समुद्र नाही, नदी नाही. पूर आला त्याचा हा पुरावा.” मास्तरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, “आतोबा, हे गोड्या पाण्यातले शंख आहेत. इथे फार पूर्वी तळं असणार. पुराचं पाणी असतं तर खारे शंख सापडले असते.”

आतोबांनी एक क्षणही घेतला नाही. “मास्तर, पूर पावसाचा होता. पावसाचं पाणी खारट असतं होय?”

मास्तरांनी छताकडे पाहिलं, मग चहाकडे पाहिलं, आणि त्या दिवशी लवकर घरी गेले. आतोबा आठवडाभर शीळ घालत रंधा मारत होते. मग मास्तर तयारी करून आले. “ठीक आहे. पाणी गोडं. मग समुद्रातले मासे एवढ्या गोड्या पाण्यात जगले कसे?” आतोबांनी ठरवलं की माशांना सवय लागते, आणि हे सिद्ध करायचं. खाऱ्यातले मासे आम्ही आणणार कुठून? म्हणून त्यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. एकरूखच्या तलावातली जिवंत मरळ आणून आत्याच्या पितळी हंड्यात सोडली आणि रोज त्यात मूठ मूठ मीठ टाकू लागले. आत्याला वाटलं, मिठाच्या बरणीला भोक पडलंय. मरळीने बरेच दिवस सहन केलं. मग एका सकाळी ती उताणी तरंगताना दिसली आणि आत्याने पुढचं काम हातात घेतलं. संध्याकाळी मास्तर जेवायला होते. पहिला घास घेऊन ते म्हणाले, “आतोबा, तुमचा पुरावा चवीला उत्तम आहे. किंचित खारट.”

आतोबा हसले नाहीत. पण त्यांनी मास्तरांच्या ताटात डोक्याकडचा तुकडा वाढला.

उत्क्रांतीचीही परीक्षा त्यांनी घेतली. गावी गेले असताना जुन्या देवळाच्या आवारातल्या वानरांपुढे अर्धा दिवस बसून आले. मास्तर आल्या आल्या आतोबा त्यांना म्हणाले, “सकाळपासून बघत होतो. एकाचीही प्रगती नाही.”

“आतोबा, त्याला लाखो वर्षं लागतात.”

“मग मी काय करू? माझी गाडी दुपारची होती.”

“देवाला घाई नव्हती, एवढंच माझं म्हणणं.”

“देवाला नसंल घाई. नोहाला हुती!”

आता इतका वाद चालायचा तर माझं लग्न त्याच मास्तरांशी ठरलं कसं, असं तुम्ही विचाराल. ते आत्याने ठरवलं. तिला ना शंखांशी देणंघेणं ना वानरांशी. तिने एवढंच पाहिलं की हा मुलगा वादात हरला तरी दुसऱ्या दिवशी येतो, जिंकला तरी येतो, आणि पाणी मागताना आतल्या दाराकडे जरा जास्त वेळ बघतो. आतोबांना तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मुलगा चांगला आहे. डोकं तेवढं बिघडलंय. लग्नाने सुधारेल.”

आमच्यात लग्न ठरलं की तीन रविवार उपासनेत त्याची पुकार होते. पाळक दोघांची नावं घेतात आणि विचारतात, कुणाची हरकत आहे का. कुणाची नसते. लोक नवरीकडे बघतात, नवरी पायाकडे बघते, आणि पाळक पुढचं गीत सांगतात. पहिल्या पुकारीला आतोबा गावात नव्हते. बाजारात सुवार्ता सांगायला मंडळी मोडनिंबला गेली होती, त्यांच्याबरोबर गेले होते. दुसऱ्या रविवारी मात्र ते तिसऱ्या बाकावर होते. आणि आदल्याच संध्याकाळी तरुणांच्या सभेत मास्तरांनी तो प्रलय एका मुलखापुरता असावा, हे उघडपणे सांगितलं होतं. आतोबा रात्री पाणी पिऊन झोपले होते.

पाळकसाहेब पुकार वाचून म्हणाले, “कुणाची हरकत असल्यास त्याने आता सांगावी,” आणि त्यांनी गीताचं पान काढलंसुद्धा.

“आहे,” आतोबा म्हणाले.

आमच्या देवळात बायका एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला बसत. त्यामुळे आत्याला त्यांचा कोट ओढता आला नाही. ओढता आला असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

पाळकसाहेबांनी चष्मा सारखा केला. “कोणती हरकत? मुलाचं आधी लग्न झालंय?”

“नाही.”

“वयाची अडचण?”

“नाही.”

“मग काय, दोघांचं जवळचं नातं निघालं?”

“तेच तर सांगतोय, नातंच निघत नाही! मुलगी नोहाच्या वंशातली. मी वाढवलीय तिला, मला ठाऊक आहे. मास्तर आपल्या तोंडाने म्हणतात, आमचं घराणं वानरापासूनचं. तर त्यांनी एकदा ठरवावं आणि मग मुलगी न्यावी.”

सगळं देऊळ हसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तर पेटीवर डोकं टेकवून हसत होते, ते मी पायाकडे बघता बघता पाहिलं. आतोबा स्वतःही समाधानाने खाली बसले. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिलं गेलं.

हसले नाहीत ते एक जॉबर. ते गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते आणि मंडळीच्या पंचांत सर्वांत वडील. उभे राहून ते म्हणाले, “ही हसायची बाब नाही. हरकत घेतलेली आहे आणि ती धर्माची आहे. तिचा निकाल लागेपर्यंत पुकार थांबवा.”

आणि पुकार थांबली. दोन दिवसांनी पंच बसले. निघालं ते असं: मास्तरांनी मंडळीसमोर उभं राहून म्हणावं की मी सांगितलं ते खोटं. नाहीतर त्यांचं प्रभुभोजन बंद, म्हणजे मंडळीतून बाहेर काढल्यासारखंच, या देवळात लग्न नाही, आणि शाळेला कळवायचं की असा शिक्षक ठेवू नये. म्हणजे मास्तरांनी बिछाना गुंडाळून नगरला जायचं, आणि मी आत्याच्या घरी भाकऱ्या थापत बसायचं.

आतोबा पंचांकडून आले ते पांढरे पडून. “मी मास्तरांच्या म्हणण्याला हरकत घेतली. माणसाला नाही घेतली.”

आत्या म्हणाली, “मग जाऊन मागे घ्या.”

“कशी घेऊ? खरी आहे ती!”

मला वाटलं, निदान मास्तर तरी ऐकतील. शाळेच्या आवारात लिंबाखाली मी त्यांना गाठलं. तेव्हा मुलीने असं बोलायला जाणं म्हणजे केवढी गोष्ट! मी म्हटलं, “एकदा म्हणून टाका ना, सगळीकडे पाणी होतं म्हणून. तुमचं काय जातंय? आता तर ते वाळलंही.”

मास्तर पहिल्यांदाच छताकडे, म्हणजे झाडाकडे, न बघता माझ्याकडे बघून बोलले. “म्हणतो. पण लग्न झाल्यावर तुम्ही मला कधी विचारलंत, की हे खरं बोलताय ना, तर मी काय उत्तर देऊ?”

मला इतका राग आला! आणि त्याच रागात मला पक्कं कळलं की लग्न करायचं तर याच माणसाशी. पण करायचं कसं? एक खोटं बोलेना म्हणून लग्न अडलं, दुसरा खोटं बोलेना म्हणून सुटेना. दोघे सारखेच हटवादी, आणि मध्ये मी.

घरात आत्याने आतोबांशी बोलणं टाकलं. ताट वाढून ती भिंतीकडे तोंड करून बसे. भोंगा झाला की आतोबा सवयीने दाराकडे बघत. मास्तर येत नव्हते. पंचांनी मनाई केली नव्हती, पण ते कसे येणार? शेवटी एक दिवस आतोबा भाकरी मोडता मोडता कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, “आज चव न्हाय जेवणाला.”

बोली ऐकूनच मी समजले. आत्याही समजली असणार, कारण ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा वळली आणि म्हणाली, “तुमच्या तारवात हत्ती मावतो. गेंडा मावतो. त्या धनगराला पळवून लावणारा लांडगा मावतो. एक मास्तर तेवढा मावत नाही!”

आतोबांनी घास खाली ठेवला. हात धुतले, शास्त्र घेतलं आणि पडवीत जाऊन बसले. नंतरचे दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. कारखान्यातल्या मुलांनी काही विचारलं तरी मान हलवत. आतोबांना कुणी प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळू नये, हे सोलापुरात पहिल्यांदाच घडत होतं. आत्या घाबरली. मला म्हणाली, “मी फार बोलले का गं?”

रविवारी देऊळ भरलं होतं. एरवी न येणारेही आले होते. प्रार्थना झाली, आणि गीत सुरू व्हायच्या आत आतोबा उभे राहिले.

“पाळकसाहेब, विचारा.”

“काय विचारू?”

“पुकार म्हणा. विचारल्याशिवाय मला बोलता येणार नाही.”

जॉबर अर्धे उठले. “पुकार थांबवलेली आहे.” पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आतोबांकडे पाहिलं, आणि म्हाताऱ्या माणसाने मनाशी काहीतरी ठरवावं तसं ठरवून पुकार वाचली. आमची नावं घेतली. कुणाची हरकत असल्यास त्याने आता सांगावी.

“आहे,” आतोबा म्हणाले. आत्याने माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. “माझी हरकत होती आणि अजून आहे. मास्तरांचे म्हणणे चुकीचे आहे आणि ते मरेपर्यंत चुकीचेच राहील. परंतु मी सुतार आहे. आयुष्यभर दारं केली. दार झालं की कडी आपणच आधी लावून बघायची, ही सुताराची रीत. नोहाने एवढं तारू बांधलं, डांबर लावलं, जनावरं भरली. पण दार त्याला लावू दिलं नाही. शास्त्र उघडून बघा, दार देवाने लावलं. आता का?”

कुणी उत्तर दिलं नाही. त्या देवळात उत्तर देणारा माणूस एकच होता.

“मी ह्ये आठवडाभर इचार करून बघितलं. नोहा म्हातारा मानूस. दमल्याला. गाव त्येला लई हसलं हुतं. त्येच्या हातात कडी दिली असती तर त्यानं एकेकाला दारात आडवलं असतं. तू कोन? तुजं म्हननं काय? माज्या तारवाला हसला हुतास का न्हाय? निम्मी जनावरं भाईर ऱ्हायली असती बघा. म्हनून देवानं कडी आपल्याकडं ठिवली. त्या रविवारी मी ती धरली. जॉबर, तुमीबी धरलीया. सोडा. आपलं काम न्हाय त्ये.”

मग त्यांनी कोट खाली ओढला आणि छापील भाषेत परत आले. “हरकत मागे घेतो. मत मागे घेत नाही.” आणि बसले.

पेटीजवळ मास्तर चष्मा पुसत होते. पुसतच राहिले. पाळकसाहेब म्हणाले, “ज्याने हरकत घेतली त्याने ती सोडली. पंचांपुढे आता काही उरलं नाही. तिसरी पुकार पुढच्या रविवारी.” जॉबरांनी गीताचं पुस्तक उघडलं. लग्नाला आले, जेवले. पण मास्तरांशी बोलणं टाकलं ते त्यांनी शेवटपर्यंत टाकलंच. सगळीच दारं काही उघडत नाहीत.

त्याच संध्याकाळी भोंगा झाला आणि मास्तर आले. आतोबा पडवीत बसले होते. मला वाटलं, गळ्यात पडतील, निदान डोळे तरी पुसतील. मास्तर बसले, चहाची बशी हातात घेतली आणि म्हणाले, “आतोबा, कडीचं म्हणता ते ठीक. पण एवढ्या मोठ्या दाराला बिजागऱ्या कसल्या होत्या?” आतोबा असे उजळले की काय सांगू! “बसा,” म्हणाले, “सांगतो.”

लग्न झालं, मुलंबाळं झाली, आणि वाद चालूच राहिला. आम्ही शाळेजवळच्या खोल्यांत राहत होतो, आतोबा रोज काठी टेकत येत. माझ्या मुलांना दोन्ही बाजू तोंडपाठ होत्या. धाकटी तर पाळण्यातून पाय हलवत ‘न्हाय वं, न्हाय वं’ म्हणायला शिकली. मग आत्या गेली. त्यानंतर आतोबांचं ध्यान सुटत चाललं. रंधा हातात घेऊन, आपण काय करायला उठलो होतो, हे विसरत. उंच माणूस समोरून गेला तरी त्याचा हात मागत नसत. वादात एखादा मुद्दा अर्ध्यात सुटला की मास्तर तो हळूच त्यांच्या हातात परत देत: “तुम्ही पावसाच्या पाण्याचं म्हणत होता ना?” आणि आतोबा म्हणत, “हां, तेच.”

एका संध्याकाळी आतोबा आले, बसले, आणि फार खात्रीने म्हणाले, “मास्तर, देवाला घाई नव्हती. त्याने जीव हळूहळू घडवले. लाखो वर्षं लागली असतील. आणि पाणी सगळीकडे कसं चढेल? त्या मुलखापुरतंच असणार.”

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. म्हाताऱ्याने बाजू बदलली नव्हती. आपली बाजू कोणती तेच त्यांना आठवत नव्हतं. ही वाक्यं इतकी वर्षं समोरून ऐकून ऐकून आत रुतली होती, ती आता आपली म्हणून वर आली होती. मी मास्तरांकडे पाहिलं. ज्या कबुलीसाठी हा माणूस उभा जन्म झगडला, ती समोर आयती येऊन बसली होती. नुसतं ‘बरोबर’ म्हणायचा अवकाश.

मास्तरांनी छताकडे पाहिलं. खुर्ची पुढे ओढली. आणि म्हणाले, “तसं नाही आतोबा. सगळ्या पृथ्वीवर होतं पाणी. डोंगर बुडाले होते.”

आणि मग ते बोलत राहिले. हातांची मापं सांगितली, गोड्या पाण्याचे शंख सांगितले, माशांना सवय कशी लागते ते सांगितलं. आतोबा सरसावून एकेक मुद्दा खोडत होते, आणि मास्तर पुन्हा उभा करत होते, जीव तोडून, जसं काही त्यांची नोकरी त्यावर अवलंबून आहे. मुलं दाराशी येऊन तोंडं उघडी टाकून ऐकत होती. मी डोळ्यांनी त्यांना दटावलं: एक शब्द बोलायचा नाही. भाकऱ्या कितीतरी वेळाने झाल्या.

निघताना आतोबा उंबऱ्यात थांबले. काठीवर भार देऊन त्यांनी मास्तरांकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पोरा, इतकी वर्षं तुझ्याशी भांडतोय. पण आज पहिल्यांदा वाटलं, तुझ्या म्हणण्यात काहीतरी आहे.”

मास्तर म्हणाले, “उद्या या आतोबा. अजून बरंच सांगायचं राहिलंय.”